थंडी-पावसात डोंगरावर एक रात्र

"रानात झोपायला चाललात? आपल्याला घर नाही का?" आम्ही पिशवी भरायला घेतली तेव्हा घरातून आलेला हा पहिला प्रश्न. तो हसण्यावारी नेता आला. दुसरा प्रश्न आमच्या वृद्ध आईने केला, तो मात्र हसण्यावारी नेता येईना. ती दाराशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुया आज्याले रात रात रानात काढा लागे. कोनी हौसेनं नोतं जात. आन तू आता हौसेनं चालला काय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वाचकहो, आम्ही अकोल्याला एका कारखान्यात नोकरी करून पोट भरणारी माणसे. गाव वाशीमकडचे. लहानपणापासून एस.टी.तून अकोला-वाशीम अशा किती खेपा झाल्या त्याचा हिशेब नाही. पातूर सोडले की घाट लागतो, गाडी कण्हत वर चढते, दोन्ही अंगांना डोंगर येतात. दर वेळी खिडकीतून वाटे की येथे उतरावे, वर जाऊन पाहावे. पण आपली माणसे डोंगरात कशाला जातील? आपण दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो, शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला जाते, बाकी प्रवास लग्नाचा नाहीतर मयतीचा. डोंगर चढायचा तो मोळीसाठी, सीताफळांसाठी नाहीतर तेंदूपत्त्यासाठी. नुसते पाहण्यासाठी चढायचे हे आमच्या गणगोतात कोणी केलेले आम्हाला आठवत नाही. म्हणून आम्हीच एकदा करायचे ठरवले. सोबत यायला कोणी तयार होईना, तेव्हा एकटेच.

२६ जानेवारीला सकाळी विहारापुढे झेंडावंदन झाले, पोरांना बुंदी वाटून झाली आणि आम्ही अकोल्याचा स्टँड गाठला. दोन दिवसांपासून आभाळ भरलेले होते. सूर्य दिसत नव्हता, वारा मात्र अंगाला झोंबत होता. कंडक्टर म्हणाला, "मेडशीलेच उतरता? वाशीम नाई?" पाठीवर एक पिशवी, तीत ताडपत्रीचा मोठा तुकडा, सुती दोरी, घोंगडी, टॉर्च, दोन बाटल्या पाणी, ज्वारीच्या चार भाकरी, ठेचा, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. एक स्वेटर व काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून वेगळी ठेवली होती. ही युक्ती आईचीच. अंगावरचे ओले झाले तरी कोरडे एक पाहिजेच, कारण थंडीपेक्षा ओला कपडा माणसाला लवकर गारठवतो, असे तिने चार चार वेळा बजावले होते.

मेडशी हे मालेगाव तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हा सारा डोंगरपट्टा इकडे आला. डोंगर फार उंच नाहीत. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेला माणूस यांना टेकाडे म्हणेल. पण ही टेकाडे कोणाची आहेत ते पाहा. सातमाळा-अजिंठ्याची जी रांग पश्चिमेकडून येते, तीच बुलडाण्यातून पुढे सरकत वाशीमच्या पठारावर उतरत जाते. ज्या रांगेच्या कुशीत वाघूर नदीकाठी अजिंठ्याची लेणी कोरली, तिचेच हे पूर्वेकडचे शेपूट. आणि नाते एवढ्यावर संपत नाही. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या शाखेतला हरिषेण राजा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. त्याचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिले. तसा लेख त्या लेण्यात आजही आहे. अजिंठ्याला गेलेल्या आपल्या लोकांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते की त्या लेण्याचा दाता वाशीमच्या राजाचा प्रधान होता? आम्हाला स्वतःला ते चाळिशी उलटल्यावर कळले.

दीडच्या सुमारास आम्ही डांबरी सडक सोडली. पहिला तास सोपा होता. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आलेला, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा, धुऱ्यावर तुरीच्या कापलेल्या पेंड्या. मग जमीन बदलली. काळी माती संपून मुरूम लागला, बरड लागले, पायाखाली काळा दगड कुरकुरू लागला. सागाची पाने तांबडी होऊन गळत होती. पळस अजून फुलायचा होता. सालई, धावडा, सीताफळीची निष्पर्ण झुडपे आणि कमरेएवढे वाळलेले गवत. बोरी मात्र लदलेल्या होत्या. पोरांसाठी बोरे खिशात भरली आणि ती संध्याकाळपर्यंत आम्हीच संपवली, हे येथे कबूल केलेले बरे.

एका टेकाडाच्या उतारावर बंजाऱ्यांचा तांडा लागला. ओट्यावर बसलेल्या म्हातारीने आम्हाला थांबवले. कशासाठी आलात? पाहण्यासाठी. काय पाहण्यासाठी? डोंगर. "डोंगर तं तठीच राह्यते," ती म्हणाली, "पान्याचं पाहा, आभाय आलं." तिने बाटल्या भरून दिल्या आणि कोणत्या बाजूला जाऊ नये तेही सांगितले. उत्तरेकडे काटेपूर्णा अभयारण्याचे रान आहे. ते अकोला आणि वाशीम अशा दोन जिल्ह्यांत पसरले असून चौशिंग्यासाठी ओळखले जाते. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय टाकता येत नाही, मुक्कामाची तर बातच सोडा. कोणा वाचकाला आमच्यासारखी हौस आली तर हे पक्के ध्यानात ठेवावे. आम्ही दक्षिण-पूर्वेची वाट धरली. बेत असा होता की रात्र डोंगरावर काढायची, दुसऱ्या दिवशी जऊळक्याला उतरायचे आणि तेथून रेल्वेने अकोला. ही लाईन एके काळी मीटरगेजची होती, छोट्या गाडीची. २००८ मध्ये ती मोठी झाली.

चार वाजता भुरभुर सुरू झाली. पावसाळ्यातला पाऊस अंगावर घ्यायला आपल्याला काही वाटत नाही, पण हा पाऊस वेगळा. थेंब बारीक, वारा थंड, आणि अर्ध्या तासात बोटे वाकेनाशी होतात. उत्तरेकडून येणारा कोरडा गार वारा आणि समुद्रावरून येणारी ओल आपल्या डोक्यावर एकमेकांना भिडली की हिवाळ्यात असे होते, आणि कधी कधी गारा कोसळतात. ११ फेब्रुवारी २०१८ ची गारपीट वाशीम, बुलडाणा, जालन्याकडचे लोक विसरलेले नाहीत. उभा गहू आणि हरभरा तेव्हा जमिनीला टेकला होता.

अंधार पडायच्या आत जागा धरणे भाग होते. नाल्याच्या पात्रात रेती मऊ होती, पण वर पाऊस झाला तर रात्री पाणी उतरेल म्हणून ती सोडली. माथ्यावर एकटे झाड होते, वीज पडायची म्हणून तेही सोडले. शेवटी माथ्याच्या थोडे खाली, ई-क्लासच्या जमिनीवर, दोन सीताफळींच्या मध्ये दोरी बांधून ताडपत्री टाकली. ई-क्लास म्हटले की आमच्या वाचकांचे कान टवकारतील. गावचे गायरान आपल्याकडे याच नावाने ओळखतात. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला आणि तुरुंग भरले, त्यातल्या मागण्यांत अशा पडीक जमिनीचा प्रश्न होता. आम्ही फक्त एका रात्रीपुरते अतिक्रमण केले!

ताडपत्रीखाली बसून भाकर सोडली आणि तेव्हा आजा आठवला. त्याला आम्ही पाहिलेले नाही. गावकीची कामे त्याच्याकडे होती. कोणाच्या घरी मयत झाली की सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी धावायचे, दिवस असो की रात्र, पाऊस असो की हिव. एकदा अशाच हिवाळी पावसात तो हाच डोंगर ओलांडून पलीकडच्या गावी गेला. पोहोचला तेव्हा मध्यरात्र. झोपलेल्या गावात त्याला कोणी ओसरी दिली नाही, त्याने मागितलीही नाही. गावाबाहेर एका चिंचेखाली ओल्या धोतराने तो उजाडेपर्यंत बसला. सकाळी वाड्याच्या पायरीखाली उभा राहून निरोप सांगितला, वरून टाकलेली भाकर फडक्यात झेलली आणि परत फिरला. नंतर तो पंधरा दिवस तापाने पडून होता. आईने ही हकीगत तिच्या सासूकडून ऐकलेली. सांगताना ती कधी रडली नाही. भाकरीचा भाग आला की मात्र तिचा आवाज कोरडा होई.

पाण्याचा घोट घेतला आणि आणखी एक रात्र डोळ्यांपुढे आली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे ती. सन १९०१. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाचे असे सारे पोरके प्रवासी मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. डबा भरलेला होता, पण पाणी द्यायला कोणी तयार नव्हते. टेकडीच्या पायथ्याशी टोलनाक्याजवळ त्यांनी रात्र काढली, आणि अन्न असून पाण्यावाचून ती पोरे उपाशी झोपली. आमच्याजवळ दोन बाटल्या भरलेल्या होत्या, त्याही परक्या तांड्यातल्या बाईने आपणहून भरून दिलेल्या.

साडेसातच्या सुमारास ताडपत्रीवर टणटण वाजू लागले. गारा! हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. त्याच वेळी खालच्या शेतातून ओरडा ऐकू आला आणि टॉर्चचे झोत इकडे तिकडे पळताना दिसले. आम्हाला वाटले बिबट्या असावा. मग शब्द कळले. "सुडी झाक! सुडी झाक!" कापलेल्या तुरीची सुडी उघडी पडली होती. वाचकांत शेतीवाले असतील त्यांना सांगायला नको. सुडी भिजली की दाणा काळा पडतो, कोंब फुटतो, आणि वर्षाचे पैसे मळणीआधीच जातात.

तेव्हा काही मोठा विचार केला असे नाही. दोरीच्या गाठी ओल्या झाल्या होत्या, त्या सुटेनात, म्हणून दातांनी ओढल्या. ताडपत्री काखोटीला मारली, पिशवी पाठीवर टाकली आणि दगडांतून घसरत खाली गेलो. एक म्हातारा आणि त्याचा विशीतला पोरगा जुनी फाटकी ताडपत्री सुडीवर ओढत होते, ती अर्ध्यावर संपत होती. "कोन हाय रे?" म्हातारा ओरडला. "ताडपत्री आहे," आम्ही म्हणालो. पुढची दहा मिनिटे कोणी कोणाला काही विचारले नाही. तिघांनी मिळून दोन्ही ताडपत्र्या चढवल्या, वर दगड ठेवले, खाली चर ओढला. गारा दहा-पंधरा मिनिटांत थांबल्या. पाऊस नंतर तासभर पडत राहिला.

आता आमचे छप्पर तुरीच्या अंगावर होते. म्हातारा म्हणाला, "खोपीत चाला." खोपी म्हणजे चार बल्ल्या, वर तुराट्या आणि प्लॅस्टिक. आत शेकोटी. बापलेक रात्री राखणीला तेथेच असत. रोही आणि रानडुकरे हरभऱ्यात शिरतात. बांधाला झटका मशीन लावले होते, पण ढगाळ दिवसांत त्याची बॅटरी भरत नाही, मग डबा वाजवत जागावे लागते. आम्ही ज्याला हौसेची मोहीम म्हणून निघालो होतो, ती रात्र ही माणसे पेरणीपासून रोज काढीत होती.

कोरडा स्वेटर अंगात घातला, हात शेकले, दात वाजायचे थांबले. आणि मग तो प्रश्न आला. "पाहुने, कोन्या गावचे?" सांगितले. "आडनाव काय?" आपल्या वऱ्हाडात आडनाव विचारले की काय विचारले जाते हे लहान पोरालाही कळते. खोटे आडनाव सांगून रात्री काढणारे आमच्या माहितीत आहेत. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. बाहेर अंधार होता, पाऊस होता आणि ताडपत्री सुडीवर होती. आम्ही खरे आडनाव सांगितले. म्हाताऱ्याने काडीने निखारे हलवले. थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "इकडं सरका. तिकडून झड येते."

चहा झाला. कप दोनच होते. पोराने आपला कप विसळून आम्हाला भरून दिला. पिऊन झाल्यावर आम्ही तो धुवायला उचलला, कारण हात सवयीने उचलतोच. आमच्या बापाने गावात आयुष्यभर स्वतःचा कप स्वतः धुतला होता. म्हातारा म्हणाला, "राहू द्या, पोट्टा धुईन." एवढेच. एका कपाने जात गेली असे लिहिण्याइतके आम्ही भोळे नाही. गावागावांत आजही काय चालते ते वाचकांना आम्ही काय सांगावे! पण जे घडले ते लिहिले नाही तर तेही खोटेच होईल.

रात्री झोप अशी लागली नाही. जमीन गार, वारा फटींतून येई, घोंगडीचा एक कोपरा ओला. अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आळवीजवळच्या शिंसपावनात, गुरांच्या वाटेवर पानांच्या बिछान्यावर मुक्कामी होते. हत्थक नावाचा गृहस्थ फिरत फिरत तेथे आला आणि त्याने विचारले, झोप सुखाने झाली का? हिवाळ्याची रात्र, हिम पडायचे दिवस, गुरांच्या खुरांनी टणक झालेली जमीन, पाने विरळ, चीवर थंड, वर झोंबणारा वारा, मग झोप कशी येणार, असे त्याचे म्हणणे. भगवंत म्हणाले की जगात जे सुखाने झोपतात त्यांतला मी एक आहे. आणि मग त्यांनी त्यालाच विचारले की बंद दारांच्या उंची घरात, मऊ गाद्यांवर झोपलेल्या माणसाला लोभाची, द्वेषाची आग लागलेली असेल तर त्याला झोप येईल का? हा प्रसंग आम्ही विहारात अनेकदा ऐकला होता आणि मान डोलावली होती. त्या रात्री कळले की त्यातली थंडी खरी आहे. आम्ही काही सुखाने झोपणाऱ्यांतले निघालो नाही. शेजारी म्हातारा मात्र दर तासाला उठून हरभऱ्याकडे टॉर्च मारी, डबा वाजवी आणि पाठ टेकताच घोरू लागे.

उजाडले ते धुक्यात. आठच्या सुमारास धुके फाटले आणि आम्ही तिघे शेत पाहायला गेलो. बांधाकडचा हरभरा गारांनी झोडपला होता, घाटे गळून मातीत पडले होते. मधला पुष्कळसा वाचला होता. सुडी आतून कोरडी होती. म्हाताऱ्याने हात आत घालून पेंडी ओढली, एक शेंग फोडली, दाणा दाताखाली धरला आणि पोराकडे पाहून मान हलवली. आभाळ अजून गच्च होते. तो ताडपत्री काढायला निघाला, तेव्हा आम्ही म्हणालो की राहू द्या, मळणी झाली की घेऊन जाऊ.

नंतरची वाट एका लांबट धारेवरून होती. ह्या जिल्ह्याची मोठी गंमत येथे आहे. वाशीमच्या पठारावर पडलेला पाऊस एका समुद्राला जात नाही. उत्तरेकडचे पाणी काटेपूर्णेला मिळते, काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेत उतरते, तेथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत बंगालच्या उपसागराला पोहोचते. अडाण आणि अरुणावती याच जिल्ह्यातून निघून पैनगंगेकडेच वळतात. पाणलोट म्हणून हे पुस्तकात वाचलेले होते. पण रात्रीच्या गारा दगडाच्या खोबणीत अजून वितळत होत्या, आणि त्यांच्या पाण्यापैकी कोणते कोणत्या समुद्राला जाईल ते पाहत आम्ही तेथे बराच वेळ बसलो. शाळेत भूगोलाला आम्हाला कधी पस्तिसापेक्षा जास्त गुण पडले नव्हते.

दुपारी जऊळक्याला पोहोचलो. बूट चिखलाने जड, गुडघ्याला खरचटलेले. पॅसेंजरमध्ये समोरच्या बाईने आमच्याकडे पाहून पोराला जवळ ओढले. संध्याकाळी घरी आलो तर आई तशीच दाराशी बसलेली.

"झोप लागली का?" तिने विचारले.

"नाही. पहाटे थोडी."

तिने घोंगडी उलगडून दोरीवर टाकली, पिशवी झटकली, आतले एकेक काढून ठेवले. "ताडपत्री कुठी हाय?" आम्ही सारे सांगितले. आडनावाचे सांगितले, कपाचेही सांगितले. ती काही बोलली नाही. चहा ठेवला. कप आमच्या हाती देताना म्हणाली, "आन्याले जाशीन तवा मले घेऊन चाल. त्या डोंगरापल्याडच्या गावाबाहीर चिंच हाय म्हनत, तुया आजा बसला होता ते. हाय का तोडली, पाह्यची हाय मले."

तिच्याच्याने डोंगर चढवणार नाही. त्या गावाला मालेगावहून वळसा घालून सडक जाते, ऑटो मिळतो. तुरीची मळणी झाली की जायचे ठरले आहे.